पेपी आणि बाकीचे जोसेफ

माझ्या नवऱ्याइतका सावध माणूस आमच्या खोऱ्यात दुसरा नाही, आणि सावधपणाचा एवढा टेंभा मिरवणाराही दुसरा नाही. लग्नाच्या दिवशी त्याने अंगठ्यांच्या दोन जोड्या आणल्या होत्या, एखादी हरवली तर म्हणून. साक्षीदारही एक राखीव ठेवला होता. तो बिचारा सगळा वेळ चर्चच्या दाराशी उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला आपलं काम काय ते विचारत होता. माझ्या जागी कोणी राखीव होती का, हे मी अजून विचारलेलं नाही. काय उत्तर येईल याची खात्री वाटत नाही.

त्याचं नाव जोसेफ. पण आमच्या गावात ‘जोसेफ’ म्हणून हाक मारली तर निम्मे पुरुष वळून बघतात, म्हणून प्रत्येकाला एक मोडकं नाव दिलेलं आहे. माझा तो पेपी. माणसांना डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या तारांना ग्रीस लावण्यात त्याची सगळी नोकरी सरली, पण त्याचा खरा धंदा वेगळाच होता. हिवाळ्यात जे लोक स्कीच्या तळाला, मागे घसरू नये म्हणून, कातडी चिकटवून, लिफ्ट सोडून, आपल्या पायांनी शिखर चढायला येतात, त्यांना अक्कल शिकवणं. हे काम त्याला कोणी दिलं नव्हतं. गिर्यारोहण मंडळाच्या आमच्या शाखेने एकदा त्याला एका शिबिराला पाठवलं, तिथून तो छातीवर बिल्ला लावून परतला आणि तेव्हापासून गावाबाहेरचा गाड्यांचा तळ ही त्याची शाळा झाली.

शनिवारी-रविवारी सकाळी तो तिथे कमरेवर हात ठेवून उभा. गाडीतून माणूस उतरला की याचा पहिला प्रश्न, "बीपर चालू आहे का?" बर्फाखाली गाडला गेलात तर दुसऱ्यांना शोधता यावं म्हणून छातीवर बांधायचं ते यंत्र. चालू असलं तर, "फावडं दाखवा." फावडं असलं तर, "शोधकाठी?" तीही असली की पेपीचा चेहरा पडायचा. मग तो ठेवणीतले प्रश्न काढायचा. नवा बर्फ किती पडला? वारा कुठून होता? उतार किती चढा? त्याचं तोंड कुठल्या दिशेला? आणि कितीही जवळ पोचलात तरी परत कधी फिरणार? एका म्युनिकच्या दातांच्या डॉक्टरला त्याने असं धारेवर धरलं की तो माणूस गाडीतून न उतरताच घरी गेला. पेपी तो किस्सा वर्षभर सांगत होता. "एक जीव वाचवला," म्हणायचा. मी म्हटलं, "हो, आणि ओक्सन खानावळीचं एक जेवण बुडवलं."

घरातही हेच. मंडळाच्या सहली तोच न्यायचा. स्वयंपाकघराच्या टेबलावर नकाशा, नकाशावर मोजपट्टी, कॉफीचा कप बाजूला. उतारावरचा बर्फ कोसळण्याचा धोका किती, याचा इशारा रोज संध्याकाळी येतो, एक ते पाच. एक-दोनला सगळे जातात, चार-पाचला कोणी जात नाही, आणि तीनला जो तो आपापल्या मूर्खपणाप्रमाणे जातो. पेपी तीनच्या दिवशी नकाशावर बोट फिरवत फिरवत ‘कढई’पाशी आला की थांबायचा. कढई म्हणजे आमच्या शिखराच्या खांद्याखालचा खोलगट उतार, उत्तरेकडे तोंड केलेला, हिवाळाभर सावलीत. तिच्यातून गेल्याशिवाय शिखर नाही. तिथे बोट टेकवून तो मान हलवायचा आणि सहल रद्द करायचा. त्याच्या सहलींना येणाऱ्यांनी शिखरापेक्षा मेंढ-टेकाडच जास्त वेळा पाहिलंय. मेंढ-टेकाड म्हणजे समोरचा बुटका, गोलसर डोंगर. त्याच्यावर उन्हाळ्यात मेंढ्या चरतात आणि हिवाळ्यात पेपीची माणसं कंटाळतात.

हे झालं वर्षभराचं. आता जोसेफीचं सांगते.

मार्चमध्ये संत जोसेफचा सण असतो, तीच जोसेफी. त्या दिवशी गावातले सगळे जोसेफ स्कीवरून शिखरावर चढतात आणि वरच्या लोखंडी क्रूसाला कापडाची पांढरी लिली बांधतात. लिली मीच शिवते. आधी माझी सासू शिवायची. जो लिली बांधतो तो पुढच्या वर्षीचा पुढारी. पुढाऱ्याने खानावळीत कोपऱ्यातल्या टेबलाशी भिंतीकडच्या जागेवर बसायचं, आणि बाकीच्यांनी त्याला जागा करून द्यायची. एवढंच. पण त्या एवढ्याशासाठी आमचे पुरुष काय काय करतील ते देवालाच माहीत. पेपी तीस वर्षं लिली बांधत होता आणि तीस वर्षं त्या भिंतीला पाठ टेकून बसत होता.

आता सणाची तारीख ठरलेली, शिखर ठरलेलं, वाट ठरलेली. मग ठरवायचं काय उरलं? तरी आदल्या दिवशी दुपारी आमच्या टेबलावर नकाशा पसरायचाच. पेपी गंभीर चेहऱ्याने बोट फिरवायचा, आणि कढई आली की ते बोट, वर्षभर तिथे खिळा ठोकल्यासारखं थांबणारं बोट, सुर्रकन पुढे सरकायचं. मी दरवर्षी चुलीपाशी उभी राहून हे बघत आले. एकदा धुक्यात नेलं त्याने त्यांना. एकदा इशारा चारचा होता, तर म्हणाला की इशारा खालच्या खोऱ्यासाठी आहे. एकदा तर म्हणे संत जोसेफ स्वतः सुतार होता, त्याला कळतं कुठली फळी तुटेल. दुसऱ्या कोणी गाड्यांच्या तळावर हे वाक्य बोललं असतं तर पेपीने त्याच्या स्की जप्त केल्या असत्या.

ज्या वर्षीचं सांगते आहे, त्या वर्षी आमचा मुलगा योस्ल घरी आला होता. तोही जोसेफच, दुसरं काय नाव ठेवणार. बरीच वर्षं व्हिएन्नात होता, कुठल्याशा वीज कंपनीत. आता नोकरी सोडून परत आला होता आणि गावाने त्याला अजून पुरता आत घेतला नव्हता. खानावळीत बसला की त्याच्या बोलण्याची नक्कल करायचे. शहरी झालाय म्हणायचे. बूट नवे आहेत म्हणायचे. बूट खरंच नवे होते, त्याला मी काय करू?

आठवडाभर बर्फ पडला. मग दोन दिवस दक्षिणेकडून गरम वारा सुटला, असा की आमच्या छपरावरची कौलं वाजत होती. आदल्या दुपारी सगळे आमच्याकडे जमले. खानावळीचा मालक सेप सगळ्यात आधी आला आणि सगळ्यात जास्त जागा घेऊन बसला. पोट टेबलाखाली मावत नाही, म्हणून तो तिरका बसतो.

"काय मास्तर, इशारा किती?" सेपने विचारलं.

"तीन," पेपी म्हणाला.

"तीन म्हणजे आमच्यासारख्यांना अडीच."

सगळे हसले. पेपीचं बोट नकाशावर फिरू लागलं. आल्मच्या, म्हणजे वरच्या कुरणातल्या, झोपडीपर्यंत जंगलातून, पुढे ओढ्याच्या कडेने, पांढऱ्या खडकापर्यंत. मग कढई. बोट जरा अडखळलं आणि पुढे गेलं.

"आणि कढई?" मी चुलीपासून विचारलं.

"एकेक जण जाऊ. अंतर ठेवून," पेपी माझ्याकडे न बघता म्हणाला.

"मेना, तू उद्या सूप सांभाळ," सेप म्हणाला. "डोंगर आमच्याकडे राहू दे."

"डोंगर तुमच्याकडे राहतो तेव्हाच मला सूप जास्त करावं लागतं," मी म्हटलं. "परत कोण येईल न येईल, भूक सगळ्यांना लागते."

योस्ल हसला नाही. तो नकाशाकडे बघत होता. लहानपणापासून बापाचे पाच प्रश्न ऐकून ऐकून त्याला ते पाठ आहेत, हे मला ठाऊक होतं. पण त्याने ब्र काढला नाही. जोसेफांच्या पहिल्याच बैठकीत तोंड उघडून व्हिएन्नाचा शहाणा ठरायची त्याची तयारी नव्हती.

सकाळी गाड्यांच्या तळावर मी सुपाचं पातेलं आल्मवर जाणाऱ्या बर्फगाडीत चढवत होते. जोसेफीला बायका आल्मच्या झोपडीत थांबतात, सूप गरम ठेवतात आणि दुर्बिणीतून वर बघतात. तिथून कढई सगळी दिसते. तेवढ्यात एक डच बाई गाडीतून उतरली. तिला मी लगेच ओळखलं. मराइके नाव तिचं. मागच्या हिवाळ्यात पेपीने तिला याच जागी एवढं झापलं होतं की ती रडत परत गेली होती. आता ती सरळ पेपीसमोर येऊन उभी राहिली.

"सुप्रभात. मी आठवते का तुम्हाला?"

"नाही," पेपी म्हणाला. तो खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात.

"तुम्ही मला शिकवलंत. मी त्यानंतर शिबिर केलं." ती मनापासून बोलत होती, टोमणा नव्हता त्यात, आणि तेच जास्त लागलं. "आज कुठे निघालात?"

"क्रूसाकडे."

"कढईतून?" तिने वर पाहिलं. "दोन दिवस दक्षिणेचा वारा होता ना? मग सगळा बर्फ याच बाजूला येऊन बसला असेल. मी तर नकाशावर तो उतार मोजला आणि मेंढ-टेकाडाकडे जायचं ठरवलं. माझं काही चुकतंय का?"

अकरा जोसेफ कान देऊन ऐकत होते. पेपीने घसा साफ केला.

"नाही," तो म्हणाला. "तुमचं बरोबर आहे."

"मग तुम्ही?"

"आज आमचा सण आहे हो, बाई," सेप मधेच म्हणाला. "सणाच्या दिवशी डोंगर सुट्टीवर असतो."

मंडळी खिदळली. पेपीने सगळ्यांना एका रांगेत आपल्या समोरून चालत जायला लावलं आणि प्रत्येकाचा बीपर वाजतो की नाही ते बघितलं. सगळे वाजले. यंत्रं अगदी उत्तम होती. यंत्रांबद्दल आमच्या पुरुषांना कोणी नावं ठेवू शकणार नाही.

आल्मवर मी चूल पेटवली आणि पातेलं चढवलं. बाकीच्या बायका सुपात घालायचे गोळे वळायला बसल्या, पावाचे आणि खारवलेल्या मांसाचे. मी दुर्बीण घेऊन ओसरीवर आले. बारा ठिपके ओढ्याच्या कडेने वर चालले होते, पेपी पुढे, योस्ल त्याच्या मागे. पलीकडे मेंढ-टेकाडावर एकच ठिपका आपला सावकाश चढत होता.

पांढऱ्या खडकापाशी पेपी थांबला. तिथून पुढे काय बोलणं झालं ते मला नंतर बारा जणांनी सांगितलं. प्रत्येकाने स्वतःला जरा बरं वाक्य दिलं, पण एरवी सगळ्यांचं जमतं.

पेपीने काठी उलटी करून बर्फात खुपसली, काढली, पुन्हा खुपसली. "इथून मागे," तो म्हणाला.

"का? लघवी लागली?" सेपने विचारलं.

"वरचा थर फळीसारखा झालाय आणि खाली साखरेसारखा सुटा बर्फ आहे. काठी भसकन आत जाते. मागे फिरा."

"पेपी, आज जोसेफी आहे."

"मेंढ-टेकाडावर लाकडी क्रूस आहे. लिली तिथे बांधू."

यावर ते इतके हसले की मला दुर्बिणीतून त्यांचे खांदे हलताना दिसले. "मेंढ-टेकाडावर!" सेप म्हणाला. "आणि मग काय, गवत खाऊन यायचं? त्या डच बाईने भुरळ घातली वाटतं तुला."

त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा, चीज बनवणारा जोस, जरा समजुतीने म्हणाला, "अरे, याहून वाईट असताना तू नेलंयस आम्हाला. धुक्याच्या वर्षी आठव."

"नेलं," पेपी म्हणाला. "मूर्ख होतो."

"मग आता एकदम कुठून शहाणा झालास?"

पेपी आजही म्हणतो की वाऱ्यामुळे. मी म्हणते, थोडं त्या डच बाईमुळे, कारण आपलेच प्रश्न दुसऱ्याच्या तोंडून ऐकले की माणसाला त्यांची उत्तरं द्यावी लागतात. आणि बाकीचं कारण त्याच्या मागे नव्या बुटांत उभं होतं. तीस वर्षं तो दुसऱ्यांची पोरं घेऊन कढईतून गेला, तेव्हा त्याचं बोट सुर्रकन पुढे सरकलं. स्वतःचं पोर मागे आलं तेव्हा अडखळलं. मी त्याला हे तोंडावर सांगितलंय. त्याने नाकारलं नाही.

"बाबा, लिली दे," योस्ल म्हणाला.

"तूसुद्धा?"

"कोणीतरी बांधायला पाहिजे ना." मग हळूच, जवळ येऊन, "मी आत्ताच परत आलोय रे. आज मागे फिरलो तर जन्मभर टोमणे ऐकीन."

"ऐक की. टोमण्यांनी मेलेला माणूस मी अजून बघितला नाही."

योस्लने बापाच्या पाठपिशवीच्या बाजूच्या खिशातून लिली काढून घेतली. पेपीने त्याचा हात धरला नाही. मला दुर्बिणीतून दोघंही दिसत होते, एक पाठमोरा, एक वाकलेला, आणि क्षणभर वाटलं की योस्ल त्याचे बूट बांधून देतोय. मग तो बाजूने पुढे निघाला आणि बाकीचे दहा त्याच्या मागून. जाताना सेपने पेपीच्या टोपीवर टिचकी मारली.

"एकेक जण!" पेपी मागून ओरडला. "डावीकडून! आणि मधे कुठे थांबू नकोस!"

इथपर्यंत मला राग होता. राग मला झेपतो. मग योस्ल कढईत शिरला आणि माझी दुर्बीण त्याच्यावरून हलेना. पांढऱ्या उतारावर एक काळी रेघ नागमोडी वर चालली होती आणि तिच्या टोकाला माझा मुलगा होता. एकेक जण जायचं असं ठरलं होतं, पण दोघं पार झाले तसे बाकीचे कंटाळले आणि एकमेकांच्या पाठीला चिकटून घुसले, खानावळीत दुपारी जेवायला घुसतात तसे. आत गोळे वळणाऱ्या बायकांपैकी एकीने विचारलं, "दिसतायत का गं?" मी म्हटलं, "दिसतायत. गुरांना एवढं एकत्र हाकललं असतं तर ती अडली असती."

आणि पेपी? पेपी पांढऱ्या खडकाच्या मागे सुरक्षित जागी उभा होता. त्याने पिशवी उतरवली. फावड्याला दांडा जोडला. शोधकाठीचे तुकडे ओढून ती सरळ केली आणि खडकाला टेकवून ठेवली. मग छातीवरचा बीपर काढून हातात घेतला. तो शोधायच्या बाजूला फिरवला असणार हे मला इतक्या लांबून दिसत नव्हतं, पण चाळीस वर्षांच्या संसारात तेवढं कळतं. ते वर चढत होते तोवर तो फावडं हातात घेऊन उभा. ते वर क्रूसापाशी एकमेकांना मिठ्या मारत होते तोवर उभा. त्याच्या ओठांवर काहीतरी चाललं होतं. नंतर विचारलं तर म्हणाला, मोजत होतो. अकरा आहेत की नाहीत, पुन्हा पुन्हा.

मग ते खाली आले. आरोळ्या ठोकत, बर्फ उडवत, एकमेकांच्या रेघा कापत. सेप पोट सांभाळत आला, जोस म्हातारा लाकडासारखा ताठ आला. योस्ल शेवटी निघाला. निम्म्यात तो थांबला. बापाने नको म्हटलं होतं नेमकं तिथे, कढईच्या मधोमध, थांबला आणि पायांकडे बघत राहिला. किती वेळ ते मी सांगू शकत नाही. मग तो अगदी हळू, स्की न हलवता, बाजूच्या खडकांकडे सरकला आणि तिथून खाली उतरला. आरोळी ठोकली नाही.

खाली सेप पेपीसमोर जाऊन थांबला. पेपीच्या हातात अजून फावडं होतं.

"हे काय? बटाटे काढतोयस?"

तेच वाक्य झोपडीत येईपर्यंत तीन जणांनी आपलं म्हणून सांगितलं. पेपी बिचारा मागून आला, फावडं सुटं करून पिशवीत घालून, आणि दाराजवळच्या बाकावर बसला. झोपडीतही भिंतीकडची जागा योस्लला दिली होती. सगळ्यांनी सरकून जागा केली, खांद्यावर हात टाकले, त्याच्या नव्या बुटांवर कोणी बोललं नाही. व्हिएन्ना दोन तासांत धुऊन निघालं. मी वाट्या भरत होते आणि त्यांचं ऐकत होते.

"मास्तर, एक सांग," सेप तोंडात गोळा घेऊन म्हणाला. "सगळ्यांसमोर सांग. काही झालं का?"

"नाही," पेपी म्हणाला.

"मोठ्याने!"

"काही झालं नाही."

टेबलावर मुठी आपटल्या. सूप सांडलं. एकाने पेपीला ‘मेंढपाळ’ म्हटलं आणि ते नाव तिथल्या तिथे पक्कं झालं. मी पळी पातेल्यात ठेवली. पेपीला मी जन्मभर हसत आले आणि अजून हसते. त्याच्या राखीव अंगठ्यांना, त्याच्या मोजपट्टीला, त्याच्या बिल्ल्याला. पण तो हक्क माझा आहे. तो मी गावाला वाटलेला नाही.

पेपी उठला आणि पाव घ्यायच्या निमित्ताने योस्लजवळ आला. वाकून, अगदी हळू आवाजात त्याने विचारलं, "भेग किती लांब गेली?"

योस्लचा चमचा वाटीवरच थांबला. "तुला कसं कळलं?"

"आवाज आला. खाली पायांपर्यंत आला."

"माझ्या स्कीपासून निघाली," योस्ल म्हणाला. तो बापाकडे बघत नव्हता. "पार खडकापर्यंत. सगळा उतार बसला, बाबा. एक बोटभर. आणि तसाच राहिला."

"काय कुजबुज चाललीय बापलेकांची?" सेपने विचारलं.

"काही नाही," योस्ल म्हणाला. "सूप गरम आहे."

मी सगळं ऐकलं होतं, आणि मी जोसेफ नाही. मला त्यांची अब्रू झाकायचं काही कारण नव्हतं. मी सांगितलं. चढ्या आवाजात सांगितलं की तुम्ही खिंकाळत खाली उतरलात त्यानंतर याच्या पायाखाली कढई फाटली, या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि चढताना तुम्ही सगळे तिच्यात एका दावणीला बांधल्यासारखे चालत होतात.

जोस म्हाताऱ्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. मला वाटलं, आता. आता कोणीतरी काहीतरी म्हणेल.

सेपने हातातला पाव बघितला, पेपीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पण कोसळली तर नाही ना?" तो म्हणाला.

आणि सगळे हसले. हुश्श करून, एकदम, जीव भांड्यात पडल्यासारखे हसले. श्नाप्सचे पेले भरले गेले. कोणीतरी ओरडलं की लिली योस्लने बांधली, म्हणजे पुढच्या वर्षी योस्ल पुढारी, आणि सगळ्यांनी पेले त्याच्याकडे उचलले. "बोल, घेणार ना?" सेपने विचारलं.

योस्ल वाटीत बघत होता. "हो," तो म्हणाला.

पुन्हा मुठी आपटल्या. त्या गोंगाटात पेपी त्याच्या शेजारी, बाकाच्या अगदी कडेला, उरलेल्या वीतभर जागेत बसला.

"मग पुढच्या वर्षी ‘नाही’ तुला म्हणायचंय," पेपी म्हणाला.

"मला नाही जमायचं, बाबा."

"मलाही नव्हतं जमलं," पेपी म्हणाला. "तीस वर्षं."

योस्लने वाटी पुढे सरकवली. मी त्याच्या वाटीत आणखी एक गोळा घातला आणि एक पेपीच्या. बाकीच्यांनी वाट्या पुढे केल्या तेव्हा मी सूप संपलं म्हणून सांगितलं. पातेलं अर्धं भरलेलं होतं, त्याच्यावर झाकणही नव्हतं, आणि ते सगळ्यांना दिसत होतं.